तबकडीची क्षमता आणि खेळातील भाषा : अवकाशविषयक व्हिडिओ खेळांचा एक विचार

भाषेच्या व्यवहारात माध्यमाचा वाटा किती, हा प्रश्न भाषाशास्त्राला नवा नाही. शिलालेख, ताम्रपट, भूर्जपत्र, बोरू आणि छापखाना ह्यांनी लेखनाची लांबी, वाक्यांची घडण व पाठाची स्थिरता कशी ठरविली, ह्याची चर्चा पुष्कळ झालेली आहे. ह्या सर्व माध्यमांत एक गोष्ट समान होती : वाक्य वाचकासमोर येण्यापूर्वीच कोणीतरी ते पूर्णपणे लिहून ठेवलेले असे. संगणकाने ही अट शिथिल केली. वाक्याऐवजी वाक्य घडविण्याचा नियम साठवून ठेवावा आणि वाक्य ऐन वेळी घडवावे, ही सोय त्याने उपलब्ध करून दिली. ही सोय प्रथम कोणी निकडीने वापरली असा प्रश्न केला, तर त्याच्या उत्तरात अवकाशप्रवासाच्या व्हिडिओ खेळांना मानाचे स्थान द्यावे लागेल. आणि ती सोय त्यांनीच पुढे बहुतांशी सोडून का दिली, ह्याचे उत्तर कॅसेट, फ्लॉपी, सीडी व डीव्हीडी ह्या क्रमाने बदलत गेलेल्या संचयसाधनांत सापडते. आरंभी ह्या खेळांत भाषा नियमांच्या रूपाने साठविली जात होती. नंतर ती उच्चारित वाक्यांच्या रूपाने साठविली जाऊ लागली. ह्या पालटात साधले काय आणि सुटले काय, हे पाहणे हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

डेव्हिड ब्रेबेन व इयन बेल ह्या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी रचलेला ‘एलीट’ हा खेळ ॲकॉर्नसॉफ्ट ह्या संस्थेने १९८४ साली बीबीसी मायक्रो ह्या संगणकासाठी प्रसिद्ध केला. खेळणारा एका लहानशा यानाचा कप्तान असतो; तो एका ताऱ्यापासून दुसऱ्या ताऱ्याकडे माल नेतो, विकतो, चाच्यांशी लढतो. ह्या संगणकाची स्मृती ३२ किलोबाइट, आणि तीतूनच पडद्यावरील चित्रासाठीही जागा काढावयाची. एवढ्या जागेत ह्या दोघांनी आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रहव्यवस्था, म्हणजे एकूण २,०४८ व्यवस्था बसविल्या. प्रत्येक व्यवस्थेला नाव आहे. नावात सरासरी सहा अक्षरे धरली, तर नुसत्या नावांची यादीच १२,२८८ बाइट व्यापील. म्हणजे सबंध स्मृतीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग. यादी ठेवणे अशक्य होते, म्हणून रचनाकारांनी यादी ठेवलीच नाही.

त्यांनी ठेवल्या त्या तीन संख्या. प्रत्येक संख्या दोन बाइटांची. तिन्ही मिळून सहा बाइट. ह्या तीन संख्यांपैकी पहिली गाळावयाची, उरलेल्या दोन एकेक स्थान पुढे सरकवावयाच्या, आणि मोकळ्या झालेल्या तिसऱ्या जागी पूर्वीच्या तिघींची बेरीज मांडावयाची, एवढीच क्रिया. उदाहरणार्थ १२, ५, ७ ह्या त्रयीपासून ५, ७, २४ ही त्रयी मिळते, आणि तिच्यापासून ७, २४, ३६. बेरीज दोन बाइटांत मावेनाशी झाली की वरचा भाग सोडून द्यावयाचा. ही क्रिया चार वेळा केली की पुढली ग्रहव्यवस्था येते. ग्रहाचे स्थान, तेथील राज्यपद्धती, संपन्नता व नाव ही सर्व त्या त्रयीतील बिटांवरून वाचली जातात. आकाशगंगा आठच का, ह्याचेही स्पष्टीकरण ह्याच रचनेत आहे : एका आकाशगंगेतून दुसरीत जाताना मूळ सहा बाइटांपैकी प्रत्येकातील बिटे एका स्थानाने फिरविली जातात, आणि बाइटात बिटे आठ असल्यामुळे आठव्या फेरीला मूळ संख्या परत येते.

नाव तयार करण्याची रीत भाषाभ्यासकाने विशेष पाहण्यासारखी आहे. दोन-दोन रोमन अक्षरांच्या जोड्यांची एक लहान सारणी आहे. एक जागा रिक्त मानलेली आहे. त्रयीतील पाच बिटे ह्या ३२ जागांपैकी एक निवडतात. अशा तीन किंवा चार निवडी एकापुढे एक ठेवल्या की नाव झाले. एल-ए आणि व्ही-ई ह्या जोड्या मिळून ‘लेव्ह’ हे आरंभीच्या ग्रहाचे नाव होते. डी-आय आणि एस-ओ मिळून ‘डिसो’. एल-ई, ई-एस व टी-आय मिळून ‘लीस्टी’. जोड्या बहुतांशी एक स्वर व एक व्यंजन अशा असल्यामुळे नाव उच्चारता येते, आणि तरीही ते कोणत्याही परिचित भाषेतील वाटत नाही. ही सारणी म्हणजे एका न बोलल्या जाणाऱ्या भाषेची वर्णव्यवस्थाच होय. तिच्यात अक्षरबंध आहेत, त्यांच्या जुळणीचे नियम आहेत; अर्थ मात्र नाही.

ग्रहावरील रहिवाशांचे वर्णनही असेच घडते. आकार वा वृत्ती, रंग, बाह्यरूप आणि प्राणिजाती अशा चार जागा ठरलेल्या आहेत. पहिल्या तीन रिकाम्या राहू शकतात, चौथी नाही. त्यामुळे कोठे ‘मोठे हिरवे उंदीर’ आढळतात तर कोठे नुसते ‘बेडूक’. रंगाच्या जागेत हिरवा, तांबडा, पिवळा, निळा व काळा ह्यांच्या जोडीला ‘निरुपद्रवी’ हेही एक विशेषण बसविलेले आहे. अर्थदृष्ट्या हा वर्गदोष आहे. परंतु विशेषणाच्या जागेत बसणारा शब्द त्या वर्गाचाच असला पाहिजे असे व्याकरण म्हणत नाही, आणि ह्या दोषातूनच त्या खेळाचा मिश्कीलपणा निर्माण होतो.

हा खेळ कॅसेट व फ्लॉपी अशा दोन्ही साधनांवर प्रसिद्ध झाला, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने पहिले संक्रमण येथेच घडते. कॅसेटवरून सबंध आज्ञावली एकदाच स्मृतीत चढवावी लागे. मधूनच हवा तो भाग शोधून आणणे तिच्यावर व्यवहार्य नव्हते. तबकडीवर ते शक्य होते. यान स्थानकात शिरले की उड्डाणाची आज्ञावली बाजूला सारून स्थानकाची आज्ञावली तबकडीवरून आणली जाई, व बाहेर पडताना उलट. ह्या अदलाबदलीने जी जागा मोकळी झाली तिच्यात यानांचे अधिक प्रकार आले, विशेष कामगिऱ्या आल्या, आणि ग्रहांची वाक्यबद्ध वर्णनेही आली. कॅसेटच्या आवृत्तीत ही वर्णने नाहीत.

ह्या वर्णनांची रचना म्हणजे वाक्यविन्यासाचे एक छोटे व्याकरणच आहे. वाक्याचा एक साचा घ्यावयाचा. त्यात काही जागा मोकळ्या. प्रत्येक जागेसाठी पाच पर्याय. आणि पर्यायातही पुन्हा मोकळ्या जागा असू शकतात, त्या तशाच रीतीने भरावयाच्या. नोम चॉम्स्की ह्यांनी १९५७ साली मांडलेल्या पदबंध-नियमांशी परिचय असलेल्या विद्यार्थ्याला ह्या रचनेची ओळख करून देण्याची गरज नाही. निवडी यदृच्छ भासतात, पण त्या ग्रहाच्या त्रयीवरूनच होत असल्यामुळे एका ग्रहाचे वर्णन प्रत्येक वेळी तेच येते. लेव्ह हा ग्रह तेथील विस्तीर्ण पर्जन्यवनांबद्दल व झाडांवरील अळीबद्दल विख्यात ठरतो. लीस्टी ग्रहाची कीर्ती गुरुत्वहीन अवकाशातील क्रिकेटवर आणि एका जहाल पेयावर उभी आहे.

त्या अळीचे व त्या पेयाचे विशेषण कसे बनते, हे तर आणखी मनोज्ञ आहे. ग्रहनामाला ‘-इयन’ हा प्रत्यय लागतो. नावाच्या अंती स्वराक्षर असेल तर त्याचा आधी लोप होतो. लेव्हपासून ‘लेव्हियन’, लीस्टीपासून ‘लीस्टियन’. व्यंजनान्त नावाला प्रत्यय तसाच जोडला जातो. आगम-लोपाचा हा नियम संगणकाच्या आज्ञांत लिहिलेला आहे, आणि २,०४८ नावांपैकी कोणत्याही नावाला तो लागू पडतो. त्यांपैकी बहुसंख्य नावे रचनाकारांनी स्वतःही कधी डोळ्यांखालून घातली नसतील. आपल्याकडील सूत्रकारांना लाघवाचे जे अप्रूप होते त्याची आठवण येथे झाली तर नवल नाही. प्रयोजन मात्र भिन्न : त्यांना पाठांतराची सोय पाहावयाची होती, ह्यांना बाइट वाचवावयाचे होते.

ह्या पद्धतीच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. असे व्याकरण वर्णन करू शकते, संवाद करू शकत नाही. त्याला पूर्वापर संदर्भ ठाऊक नसतो; ग्रहाचे वर्णन वाचून कप्तानाने काही करावे असा त्या वर्णनाचा आग्रहही नसतो. दहा-वीस ग्रह पाहिल्यावर साचा ओळखू येतो आणि कुतूहल ओसरते. कथा सांगावयाची तर ती दुसरीकडे सांगावी लागे, आणि ती कागदावर सांगितली जाई. एलीटच्या पेटीत रॉबर्ट होल्डस्टॉक ह्यांची ‘द डार्क व्हील’ ही लघुकादंबरी घातलेली होती. पुढे १९९० साली आलेल्या ‘विंग कमांडर’ ह्या खेळासोबत युद्धनौकेवरील एका कल्पित नियतकालिकाचा अंक मिळत असे. तबकडीत जी भाषा मावत नव्हती ती अशी छापून पुरविली जाई. म्हणून त्या काळातील खेळाची संहिता म्हणजे तबकडी आणि पुस्तिका दोन्ही मिळून, असेच मानले पाहिजे. केवळ आज्ञावली जतन करणारा अभ्यासक अर्धीच संहिता जतन करतो.

फ्लॉपीचा आणखी एक गुण असा की, तिच्यावर लिहिताही येते. १९८६ सालच्या ‘स्टारफ्लाइट’ ह्या खेळात शेकडो ग्रहांचा शोध घ्यावयाचा असे, आणि खेळताना घडलेले बदल खेळाच्याच तबकड्यांवर कोरले जात. म्हणून मूळ तबकड्यांच्या प्रती काढून त्या प्रतींवरच खेळावे लागे. परग्रहवासीयांचे बोलणे यानावरील संपर्काधिकाऱ्याच्या कौशल्यानुसार कमी-अधिक अनुवादित होऊन येई. अधिकारी नवखा असला तर वाक्यातील पुष्कळ शब्द अनाकलनीय राहत. सीडी आली तेव्हा हा गुण गेला. ती केवळ वाचावयाची वस्तू होती.

आता ध्वनीकडे वळता येईल. पण त्यापूर्वी थोडे गणित केले पाहिजे, कारण पुढील सर्व घडामोडींच्या मुळाशी तेच आहे. साध्या प्रतीचा आवाज दर सेकंदाला ११,०२५ नमुने व प्रत्येक नमुन्यास एक बाइट ह्या हिशोबाने साठविला, तर बीबीसी मायक्रोच्या १०० किलोबाइटच्या तबकडीवर नऊ सेकंदांचे बोलणे मावेल. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर सव्वादोन मिनिटे. ६५० मेगाबाइटच्या सीडीवर सतरा तास. फ्लॉपीवरून सीडीकडे जाणे म्हणजे सुमारे साडेचारशे पटींची उडी होती, आणि तिच्या अलीकडे खेळातील पात्राने बोलावे ही कल्पनाच चैनीची होती. ती किती चैनीची, हे १९९१ च्या ‘विंग कमांडर २’ वरून दिसते : ह्या खेळात काही प्रसंगांतील बोलणे ऐकावयाचे असेल, तर त्यासाठी ध्वनीच्या तबकड्यांचा संच स्वतंत्रपणे विकत घ्यावा लागत असे. लिखित संहिता ही मुख्य वस्तू आणि वाणी ही तिची पुरवणी, असा हा व्यवहार होता.

सीडीने हा क्रम उलटा केला. ओरिजिन सिस्टिम्स ह्या संस्थेचा ‘विंग कमांडर ३’ हा खेळ १९९४ साली चार सीडींवर आला. ख्रिस रॉबर्ट्‌स ह्यांनी त्यात मार्क हॅमिल, माल्कम मॅकडॉवेल, जॉन रिस-डेव्हिस अशा नटांना घेऊन प्रत्यक्ष चित्रीकरण केले. त्याचा पुढील भाग सहा सीडींवर आला. चित्रामुळे जागेचा हिशोब पुन्हा आवळला होता, कारण सेकंदाला १५० किलोबाइट ह्या मूळ वेगाने वाचली तर सबंध सीडी ७४ मिनिटांत संपते.

ह्या स्थित्यंतराचा सर्वांत बोलका पुरावा एका विशेषनामात आहे. पहिल्या ‘विंग कमांडर’ मध्ये खेळणारा आरंभी आपले नाव व टोपणनाव स्वतः लिहीत असे, आणि पुढे पडद्यावरील लिखित संवादांत सहकारी त्याला त्याच नावाने हाक मारीत. लिखित वाक्यात संबोधनाची जागा मोकळी ठेवणे ही क्षुल्लक गोष्ट आहे. एलीटच्या व्याकरणातील मोकळ्या जागेहून ती वेगळी नाही. परंतु नटाने उच्चारलेल्या वाक्यात अशी जागा ठेवता येत नाही. तिसऱ्या भागात नायकाचे नाव ‘ब्लेअर’ असे कायमचे ठरून गेले. खेळणाऱ्याची इच्छा असो वा नसो, तो ब्लेअर झाला, आणि त्याला हॅमिलचा चेहरा मिळाला. वाक्यातली मोकळी जागा बुजली ती अशी.

ह्याच अडचणीवर दुसऱ्या एका खेळात निराळा तोडगा निघाला. ल्यूकसआर्ट्‌सचा ‘टाय फायटर’ १९९४ साली फ्लॉपीवर आला आणि १९९५ साली, उच्चारित संदेशांची भर घालून, सीडीवर. त्यात खेळणाऱ्याला नावाने हाक मारलीच जात नाही. ‘अल्फा एक’ असे पथकातील त्याच्या स्थानाने संबोधिले जाते. नाव बदलते, पद बदलत नाही. ज्या समाजात घरच्या माणसांनाही नात्याने वा पदाने हाक मारण्याचा प्रघात आहे, त्या समाजातील वाचकाला ही युक्ती चटकन उमगेल.

उच्चारित भाषेने दिले ते थोडके नव्हते. स्वराघात, विराम, उपरोध, बोलणाऱ्याचे वय, त्याचा थकवा, त्याचा प्रदेश ह्यांपैकी काहीही एलीटच्या व्याकरणात येणे शक्य नव्हते. ‘विंग कमांडर ३’ मध्ये ठिकठिकाणी दोन उत्तरांतून एक निवडावे लागते व त्या निवडीचा सहकाऱ्यांच्या मनोधैर्यावर परिणाम होतो; येथे भाषा प्रथमच कृती ठरते. मात्र प्रत्येक पर्यायाचे वेगळे चित्रीकरण करावे लागत असल्यामुळे पर्याय दोनच राहिले. जागा साडेचारशे पटींनी वाढली आणि बोलण्यातली मुभा आक्रसली, हा विरोधाभास ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

ह्या दोन टोकांच्या मध्ये उभा असलेला खेळ म्हणजे १९९२ चा ‘स्टार कंट्रोल २’. तो टॉइज फॉर बॉब ह्या नावाने काम करणाऱ्या पॉल राइशी व फ्रेड फोर्ड ह्यांनी रचला आणि ॲकोलेडने प्रसिद्ध केला. ह्यातील संवाद नियमांनी घडविलेले नाहीत, ते माणसांनी लिहिलेले आहेत. पण मूळ आवृत्तीत ते केवळ लिखित आहेत. प्रत्येक परग्रहीय जातीला स्वतंत्र अक्षरवळण दिलेले आहे, म्हणजे जे काम आवाजाने करावयाचे ते लिपीकडून करवून घेतले आहे. त्यांतील ‘ऑर्झ’ ह्या जातीचे बोलणे भाषांतर-मीमांसेच्या वर्गात वाचून दाखवावे असे आहे. यानावरील अनुवादयंत्राला ज्या कल्पनेसाठी नेमका शब्द सापडत नाही, तेथे ते जवळात जवळचा शब्द घालते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तारकाचिन्ह ठेवते. वाचणाऱ्याला शब्द परिचित असतो, पण तो शब्द ह्या जागी विश्वासार्ह नाही हे त्या चिन्हावरून कळते. अननुवाद्यतेची इतकी स्वच्छ खूण ग्रंथांतूनही क्वचित आढळते.

दोन वर्षांनी, १९९४ साली, ह्या खेळाची आवृत्ती थ्रीडीओ ह्या यंत्रासाठी सीडीवर निघाली, आणि तीत सर्व जातींना आवाज मिळाले. तारकाचिन्ह हे डोळ्यांचे चिन्ह आहे, कानांचे नव्हे. उच्चारातील कोणत्या बदलाने त्याची जागा भरून काढावी हा नटापुढचा व दिग्दर्शकापुढचा प्रश्न अगदी खरा होता. त्या आवृत्तीची आज्ञावली २००२ साली रचनाकारांनी खुली केली, आणि हौशी संगणकज्ञांनी तीवरून ‘दि उर-क्वान मास्टर्स’ ह्या नावाने हा खेळ आजच्या संगणकांवर आणला. ह्या रूपात आवाज हे स्वतंत्र जोडपत्र आहे : हवे तर घ्यावे, नाही तर नुसते वाचावे. सीडीच्या लाटेतून संहिता व वाणी दोन्ही विलग करता येतील अशा रीतीने शाबूत राहिलेली ही कृती, ह्या परंपरेतील भाषाभ्यासाला सर्वांत उपयुक्त कृती होय.

नियमांची वाट मात्र पुरती बुजली नाही. ब्रेबेन ह्यांचा ‘फ्रंटियर : एलीट २’ हा खेळ १९९३ साली, इतरांची सीडीकडे धाव सुरू असताना, अमिगा संगणकासाठी एकाच फ्लॉपीवर आला आणि त्यात अब्जावधी ताऱ्यांची आकाशगंगा होती. २०१६ साली हॅलो गेम्सचा ‘नो मॅन्स स्काय’ प्लेस्टेशन ४ साठी ब्लू-रे तबकडीवर विक्रीस आला. त्यातील ग्रहांची संख्या २ चा ६४ वा घात, म्हणजे १८ वर अठरा स्थाने एवढी सांगितली जाते. तारे, ग्रह, प्राणी, वनस्पती ही सर्व नियमांनी घडतात. भाषा मात्र येथेही निराशा करते. त्यातील परग्रहवासीयांच्या भाषा खेळणाऱ्याला शिलांवरून व भेटीगाठींतून एकेक शब्द करून शिकाव्या लागतात, ही कल्पना उत्तम आहे. परंतु शिकून झाल्यावर दिसते ते असे की इंग्रजी वाक्यातील शब्दाच्या जागी दुसरा शब्द ठेवलेला आहे. पदक्रम इंग्रजी, प्रत्ययव्यवस्था नाहीच. बारा किलोबाइट वाचविण्यासाठी अंत्यस्वराचा लोप करणाऱ्या १९८४ च्या खेळात जेवढे रूपशास्त्र होते, तेवढेही ह्या गिगाबाइटांच्या खेळात आढळू नये, ह्याचे कारण तबकडीत शोधता येणार नाही. निकड संपली होती.

जतनाचा प्रश्न शेवटी राहतो, आणि विद्यापीठीय संशोधनाच्या दृष्टीने तोच तातडीचा आहे. फ्लॉपीवरील चुंबकीय नोंद काळाने क्षीण होते. परंतु तिच्यावरील मजकूर इतका अल्प असतो की त्याची प्रत कोठेही, कितीही ठेवता येते. एलीटची मूळ आज्ञावली आज टीपांसह वाचावयास मिळते. उच्चारित खेळांचे तसे नाही. ‘विंग कमांडर ४’ चे चित्रीकरण सीडीवर फार आकसून बसवावे लागले होते. त्याची पुष्कळ सुस्पष्ट आवृत्ती पुढे डीव्हीडीवर निघाली, पण ती पाहण्यासाठी संगणकात विशिष्ट उलगडा-कार्ड बसविलेले असावे लागे. ती कार्डे बाजारातून गेली, आणि तबकडी धडधाकट असूनही चित्र दिसेनासे झाले. ते पुन्हा दिसू लागले ते संस्थांच्या प्रयत्नाने नव्हे, तर रसिकांनी स्वतः लिहिलेल्या दुरुस्त्यांमुळे.

ह्या खेळांवर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्याने म्हणून केवळ खेळाचे नाव व वर्ष नोंदवून थांबू नये. कॅसेटवरील एलीट व तबकडीवरील एलीट, १९९२ चा लिखित ‘स्टार कंट्रोल २’ व १९९४ चा बोलका, फ्लॉपीवरील ‘टाय फायटर’ व सीडीवरील, हे परस्परांचे पाठभेद आहेत, आणि पहिल्या जोडीत तर एका पाठात ग्रहवर्णनाचे सबंध व्याकरणच नाही. कोणता पाठ, कोणत्या साधनावरचा, कोणत्या यंत्रावर वाचलेला आणि सोबतची पुस्तिका पाहिली किंवा नाही, ह्या चार गोष्टींची नोंद असल्याखेरीज अशा प्रबंधातील कोणतेही अवतरण पडताळून पाहता येत नाही.